दामोदर धर्मानंद कोसंबी : मावळचा परिसर आणि समाजाभ्यासाच्या मूलभूत संकल्पना

बोरघाट चढून आल्यावर लोणावळ्यापासून इंद्रायणीचे जे खोरे सुरू होते, त्याचा उल्लेख प्राचीन शिलालेखांत मामाल या नावाने येतो. आजच्या मावळ या नावाचे ते जुने रूप होय. कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेणी, लोहगड आणि विसापूर हे जोडकिल्ले, एकवीरेची यात्रा, आणि खोऱ्यातून पुढे गेल्यावर येणारा देहूचा परिसर अशी या प्रदेशाची ओळख सर्वसाधारणपणे सांगितली जाते. दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७-१९६६) यांनी याच प्रदेशाकडे भारतीय समाजाच्या घडणीचा पुरावा म्हणून पाहिले. संस्कृती, समाज आणि राज्यसत्ता हे तीन शब्द आपल्या वाङ्मयीन व सामाजिक चर्चेत वारंवार येतात. परंतु त्यांचा आशय कशावर उभा आहे, याची फोड क्वचितच केली जाते. कोसंबींच्या जीवनक्रमाचे महत्त्व या दृष्टीने विशेष आहे. या संकल्पना त्यांनी व्याख्येच्या रूपाने स्वीकारल्या नाहीत. नाणी, हस्तलिखिते, शिलालेख आणि शेवटी प्रत्यक्ष भूमी यांवर त्या तपासून घेतल्या.

१. कौटुंबिक वारसा आणि शिक्षण

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबें येथे झाला. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषा आणि बौद्ध धर्म यांचे थोर अभ्यासक. बुद्धाच्या शिकवणुकीचा शोध घेण्यासाठी धर्मानंदांनी घर सोडले, नेपाळ, सिंहलद्वीप व ब्रह्मदेश येथवर भ्रमंती केली आणि अत्यंत कष्टाने विद्या संपादन केली. त्यांच्या ‘निवेदन’ या आत्मचरित्रामुळे हा वृत्तान्त मराठी वाचकांना परिचित आहे. ग्रंथातील वचनाचा अर्थ ते वचन जिथे घडले त्या भूमीवर जाऊन शोधावयाचा, ही वृत्ती पुत्राकडे या घरातूनच आली, असे म्हणता येईल. मात्र वडिलांच्या ठिकाणी असलेल्या श्रद्धेची जागा मुलाच्या ठिकाणी गणिती शिस्तीने घेतली.

धर्मानंद हार्वर्ड विद्यापीठात बौद्ध ग्रंथांच्या संपादनाचे काम करीत असत. १९१८ मध्ये ते पुन्हा अमेरिकेस निघाले तेव्हा त्यांनी दामोदरला बरोबर नेले. त्यामुळे दामोदरचे शालेय व उच्च शिक्षण मुख्यतः मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे झाले. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी त्यांनी सर्वोच्च श्रेणीत संपादन केली. गणिताबरोबरच ग्रीक, लॅटिन आणि आधुनिक युरोपीय भाषांवर त्यांनी प्रभुत्व मिळविले. पुढे भारतीय पुराणकथांचा विचार करताना ग्रीक व रोमन जगाशी तुलना करण्याचे सामर्थ्य त्यांना याच शिक्षणातून लाभले.

भारतात परतल्यावर त्यांनी प्रथम बनारस हिंदू विद्यापीठात आणि नंतर अलीगढ येथे गणिताचे अध्यापन केले. १९३०च्या दशकाच्या प्रारंभीच ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. याच महाविद्यालयात काही वर्षांपूर्वी धर्मानंदांनी पालीचे अध्यापन केले होते. दशकाहून अधिक काळ कोसंबी येथे होते. १९३४ मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. आनुवंशिकीत जनुकांमधील अंतर मोजण्यासाठी त्यांनी १९४४ मध्ये मांडलेले सूत्र आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते.

२. नाण्यांपासून हस्तलिखितांकडे

इतिहासाकडे कोसंबी वळले ते संख्याशास्त्राच्या वाटेने. संख्याशास्त्राची पद्धती एखाद्या प्रत्यक्ष प्रश्नावर वापरून पाहावी, या हेतूने त्यांनी प्राचीन आहत नाणी हाती घेतली. नाणे चलनात फिरते तेव्हा हातोहाती झिजून त्याचे वजन किंचित घटते. एका नाण्यावरून काहीच कळत नाही. परंतु पुष्कळ नाण्यांची वजने घेऊन त्यांच्या सरासरीचा विचार केला, तर कोणता गट अधिक काळ चलनात होता हे ठरविता येते. तक्षशिला येथील साठ्यांतील नाण्यांच्या मागील बाजूवर जितके ठसे अधिक, तितके सरासरी वजन कमी, असा संबंध त्यांना आढळला. राजाचे नाव वा तिथी नसलेल्या नाण्यांचा कालक्रम लावण्याचे साधन यातून हाती आले.

ही केवळ नाणकशास्त्रातील कामगिरी नव्हती. नाण्याची झीज म्हणजे असंख्य अनाम माणसांच्या देवघेवीची नोंद होय. राजाच्या प्रशस्तीतून जो समाज दिसत नाही, तो या झिजेतून दिसतो. समाज ही संकल्पना व्यक्तींच्या बेरजेपेक्षा त्यांच्यामधील व्यवहाराच्या संबंधांवर उभी आहे, या कोसंबींच्या पुढील प्रतिपादनाचे बीज येथे आढळते.

नाणी कोणी पाडली हे जाणण्यासाठी संस्कृत व पाली साधने वाचणे भाग होते. संस्कृतचा सखोल अभ्यास करण्यासाठी त्यांनी भर्तृहरीची सुभाषिते निवडली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालविणारे विष्णु सीताराम सुखठणकर हेही मूळचे गणिताचे विद्यार्थी होते. त्यांच्या पाठचिकित्सेचा आदर्श कोसंबींसमोर होता. शेकडो हस्तलिखितांची छाननी करून सिद्ध झालेली भर्तृहरीची चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. भर्तृहरीच्या नावावर नंतर जमा झालेले श्लोक कोणते आणि सर्व परंपरांना समान असलेला गाभा कोणता, याचा निर्णय त्यांनी प्रतींच्या वर्गवारीवरून केला.

संपादन झाल्यावर मात्र ते पाठनिर्णयापाशी थांबले नाहीत. भर्तृहरीच्या वैराग्यामागे राजाश्रयावर अवलंबून असलेल्या विद्वान वर्गाची कुचंबणा आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. विद्याकराच्या ‘सुभाषितरत्नकोश’ या संग्रहाचे वा. वि. गोखले यांच्यासमवेत केलेले संपादन १९५७ मध्ये हार्वर्डच्या ग्रंथमालेत निघाले. त्याच्या प्रस्तावनेतही संस्कृत काव्य आणि त्याला पोसणारा वर्ग यांच्या संबंधाचा विचार होता. ग्रंथमालेचे संपादक डॅनिएल इंगल्स यांना ही भूमिका मान्य नव्हती. तथापि त्यांनी प्रस्तावना छापली आणि पुढे आपल्या भाषांतरग्रंथात तिच्याशी असलेला मतभेद नोंदविला. काव्याची चिकित्सा रसाच्या परिभाषेत करावयाची की समाजाच्या, हा वाद मराठी समीक्षेलाही अपरिचित नाही. कोसंबींचे वैशिष्ट्य असे की, सामाजिक अर्थ सांगण्यापूर्वी त्यांनी पाठ निश्चित करण्याचे कष्ट स्वतः घेतले होते.

३. उसन्या साच्याला नकार

कोसंबींची वैचारिक बैठक मार्क्सवादी होती. परंतु मार्क्सवाद ही त्यांच्या दृष्टीने विचारपद्धती होती, तयार उत्तरांची पोथी नव्हे. याचा स्पष्ट प्रत्यय १९४९ मध्ये आला. श्रीपाद अमृत डांगे यांनी आदिम साम्यवादापासून गुलामगिरीपर्यंत भारतीय समाजाचा प्रवास सांगणारा ग्रंथ लिहिला होता. भांडारकर संस्थेच्या नियतकालिकात कोसंबींनी त्याचे कठोर परीक्षण केले. युरोपातील समाजविकासाच्या अवस्था वैदिक वाङ्मयावर जशाच्या तशा बसविणे त्यांना मान्य नव्हते. ग्रीस व रोम येथे उत्पादनाचा मुख्य भार दासांवर होता. भारतात दास होते, परंतु उत्पादन त्यांच्यावर उभे नव्हते. म्हणून गुलामगिरीची अवस्था येथे होऊन गेली असे म्हणण्यास पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. भारतीय समाज हजारो वर्षे अचल राहिला, ही मार्क्सच्या लेखनात आढळणारी कल्पनाही त्यांनी स्वीकारली नाही.

१९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणाऱ्या ग्रंथात त्यांनी आपली भूमिका सविस्तर मांडली. उत्पादनाची साधने आणि उत्पादनसंबंध यांत क्रमाने होत गेलेल्या बदलांची कालानुक्रमे मांडणी म्हणजे इतिहास, असे त्यांनी मानले. त्यांच्या दृष्टीने नांगर वापरात येणे ही घटना एखाद्या राजाच्या दिग्विजयापेक्षा महत्त्वाची आहे. कारण नांगराच्या शेतीतून वाढावा निर्माण होतो आणि वाढाव्याखेरीज नगर, राज्य वा विहार उभा राहत नाही. अन्नसंकलन करणाऱ्या टोळ्या शेतीप्रधान समाजात सामावल्या जातात तेव्हा त्या जातीच्या रूपाने आपले वेगळेपण टिकवितात आणि त्यांचे देव मोठ्या देवतामंडळात स्थान मिळवितात. टोळीपासून जातीपर्यंतची ही प्रक्रिया त्यांना भारतीय समाजाच्या घडणीचे मुख्य सूत्र वाटते. संस्कृती म्हणजे याच प्रक्रियेत मागे राहिलेले आणि नव्याने अर्थ पावलेले आचार, दैवते, कथा व भाषा यांचा समुच्चय होय.

४. मावळची क्षेत्रपाहणी

होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून कोसंबी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक म्हणून गेले. ही संस्था १९४५ मध्ये स्थापन झाली होती. निवास मात्र त्यांनी पुण्यातच ठेवला. डेक्कन क्वीनने पुणे-मुंबई असा त्यांचा प्रवास वर्षानुवर्षे चालू होता. या गाडीचा मार्ग प्राचीन व्यापारी मार्गाला समांतर आहे. कोकणच्या बंदरांतून निघालेला माल घाट चढून देशावर ज्या खोऱ्यातून येई, त्याच खोऱ्यातून लोहमार्ग जातो. सुटीच्या दिवशी ते पाठीवर पिशवी टाकून पुण्याभोवतीच्या टेकड्या आणि मावळातील गावे पायी धुंडाळीत.

या भ्रमंतीत त्यांचे लक्ष मुख्यतः तीन गोष्टींवर असे. पहिली म्हणजे गारगोटीच्या जातीच्या दगडापासून बनविलेली अगदी लहान अश्महत्यारे. ही हत्यारे कोठे दाट सापडतात आणि कोठे सापडत नाहीत, याची नोंद ते ठेवीत. दुसरी म्हणजे गावाबाहेर, माळावर वा वाटांच्या संगमावर असलेली शेंदूर लावलेली दैवते. तिसरी म्हणजे त्या दैवतांविषयी तेथील लोक काय सांगतात, त्यांना कोणता नैवेद्य दाखवितात आणि पुजारी कोणत्या जातीचा असतो. ही तिन्ही टिपणे एकत्र ठेवली असता जुन्या वाटा उलगडू लागतात, असे त्यांना दिसून आले. पावसाळ्यात व उन्हाळ्यात कळपांसह स्थलांतर करणाऱ्या लोकांच्या या वाटा होत. त्यांवरूनच पुढे व्यापारी तांडे आणि नंतर पालख्या चालू लागल्या.

१९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथात या पाहणीचे निष्कर्ष आले आहेत. त्यातील मातृदेवतांवरील प्रकरणाचा आरंभ शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकातील एका साध्या प्रसंगाने होतो. चारुदत्त आपल्या मित्राला चव्हाट्यावर मातृकांना बळी ठेवून येण्यास सांगतो. नाटकाच्या अभ्यासकाला यात केवळ दरिद्री नायकाची धर्मशीलता दिसेल. कोसंबींनी विचारलेला प्रश्न वेगळा आहे: मातृकांचे स्थान चव्हाट्यावरच का असावे? याचे उत्तर त्यांना संस्कृत ग्रंथांत सापडले नाही; ते पुण्याभोवतीच्या वाटांवर सापडले. गावे वसण्यापूर्वी भटक्या गटांच्या वाटा जेथे एकमेकींना मिळत, तेथे त्यांची समान श्रद्धास्थाने निर्माण झाली. गाव पुढे शेतीच्या सोयीने दूर वसले. देवी मात्र वाटेवरच राहिली. एका नाट्यप्रवेशाचा अर्थ असा प्रत्यक्ष क्षेत्रपाहणीतून लावता येतो, हे वाङ्मयाच्या अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

देवतांच्या विवाहाचे त्यांनी केलेले विवेचनही असेच लक्षणीय आहे. काही ठिकाणी म्हसोबा हा देवीकडून मारला गेलेला महिषासुर मानला जातो, तर अन्यत्र तोच म्हसोबा जोगूबाईचा पती आहे. कोसंबींच्या मते मातृदेवतेची पूजा करणारे अन्नसंकलक आणि पुरुषदेवाची पूजा करणारे पशुपालक जेथे संघर्षात राहिले, तेथे कथेत वध आला; जेथे ते एकत्र झाले, तेथे देवांचे लग्न लागले. कथा ही अशा रीतीने लोकसमूहांच्या संबंधाची स्मृती ठरते.

कार्ले येथे हे सर्व स्तर एका ठिकाणी आढळतात. सुमारे १२४ फूट लांबीचे तेथील चैत्यगृह भारतातील सर्वांत मोठे आहे. ते वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने सिद्ध केले, असे तेथील लेखात म्हटले आहे. स्तंभांवरील लेखांत धेनुकाकटाच्या रहिवाशांची दाने नोंदली आहेत. त्यांत यवन आहेत, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे आणि सुतारही आहे. धेनुकाकट नेमके कोठे होते याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. कोसंबींनी १९५५ मध्ये लिहिलेल्या निबंधात ते कार्ल्याच्या परिसरातच असावे, असे मत मांडले. एका यवनाने दिलेल्या स्तंभावरील स्फिंक्ससारख्या आकृतीकडेही त्यांनी लक्ष वेधले. घाटाच्या माथ्यावर विहार असणे योगायोगाचे नव्हते. तांड्यांना तेथे विसावा मिळे, व्यापाऱ्यांची दाने विहाराकडे येत आणि विहार स्वतःही मालाचा मोठा ग्राहक असे. विरक्तांचा संघ आणि संपत्तीचा ओघ यांचा हा संबंध धर्माच्या इतिहासात सहसा झाकला जातो.

याच चैत्यगृहाच्या दाराशी आज एकवीरेचे मंदिर आहे. तिलाच यमाई असेही म्हणतात. चैत्रातील यात्रेस मुंबई व कोकण किनाऱ्यावरील कोळी मोठ्या संख्येने येतात. लेण्यातील स्तूपालाच देवीचे रूप मानण्याची प्रथा कोसंबींनी नोंदविली. बेडसे येथील विहारातही यमाईची पूजा होते. बौद्ध संघ नाहीसा झाला, व्यापाराचा ओघ आटला, तरी स्थानाचे पावित्र्य लोप पावले नाही. कोसंबींनी असे सुचविले की, लेणी कोरली जाण्यापूर्वीही या जागी देवीचे ठाणे असावे आणि भिक्षूंनी आपला विहार मुद्दाम अशा जागी उभारला असावा. हा तर्क पूर्णपणे सिद्ध करता येण्याजोगा नाही. मात्र संस्कृती ही एकावर एक स्तर चढत जाऊन बनते आणि खालचा स्तर वरच्याबरोबर जगत राहतो, हे त्यांचे प्रतिपादन कार्ल्याच्या पायऱ्या चढणाऱ्या कोणासही पडताळून पाहता येते.

५. राज्यसत्ता आणि भक्ती

राज्यसत्ता या संकल्पनेसाठीही कार्ल्याचे लेख उपयोगी पडतात. नहपानाचा जावई उषवदात याने वलुरक येथील भिक्षूंच्या वर्षावासासाठी करजिक हे गाव दिल्याचा उल्लेख तेथे आहे. क्षत्रपांचा पराभव झाल्यावर सातवाहनांनी मामालच्या अमात्याला आज्ञा देऊन तसेच दान कायम केले. पुढे एका महारठी दात्याने करांसह गाव दिल्याचा लेखही आहे. राजवंश बदलले, तरी गावच्या उत्पन्नाचा वाटा विहाराला मिळत राहिला. सत्ता म्हणजे सिंहासन नव्हे. शेतकऱ्याच्या उत्पन्नातील वाढावा घेण्याचा आणि तो दुसऱ्याकडे सोपविण्याचा अधिकार म्हणजे सत्ता, हे यावरून ध्यानात येते. बळाचा सतत वापर न करता हा वाढावा मिळविणे धर्माच्या साहाय्याने शक्य झाले, असे कोसंबी मानीत.

सरंजामशाहीचे त्यांनी दोन टप्पे कल्पिले. राजा आपले अधिकार मांडलिकांना वा दानग्राहकांना देतो, ती वरून आलेली सरंजामशाही. आणि गावातूनच राज्यसत्ता व शेतकरी यांच्यामध्ये बलिष्ठ जमीनधारकांचा वर्ग वाढतो, ती खालून आलेली. देशमुख-पाटलांच्या वतनांचा इतिहास ठाऊक असलेल्या मराठी अभ्यासकाला यातील दुसरी कल्पना विशेष परिचित वाटेल.

भक्तीचा विचार त्यांनी याच संदर्भात केला. ‘भगवद्गीता’ परस्परविरोधी मतांना सामावून घेते, म्हणून भिन्न वर्गांना ती आपापल्या प्रयोजनासाठी वापरता आली, असे त्यांचे म्हणणे आहे. एकनिष्ठ भक्तीचे तत्त्व सरंजामी समाजाला अनुकूल होते. परंतु १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ‘ज्ञानेश्वरी’ने तीच गीता लोकभाषेत आणली आणि बहिष्कृत घरातील एका तरुणाने ब्राह्मणी मक्तेदारीला शह दिला, याचीही ते दखल घेतात. महानुभावांचे सामूहिक जीवन आणि वारकऱ्यांची वारी यांच्याकडे त्यांनी सामाजिक निषेधाची रूपे म्हणून पाहिले. तो निषेध उत्पादनसंबंध बदलू शकला नाही, ही त्याची मर्यादा होती. देहूजवळच्या ज्या डोंगरांत तुकोबा एकांतासाठी जात, तेथेही प्राचीन लेणी व अश्महत्यारांचे अवशेष आहेत, हे त्यांनी दाखविले. संतांनी निवडलेला एकांत हा पूर्वीच पवित्र मानल्या गेलेल्या भूमीवरचा होता.

६. अखेरची वर्षे आणि मूल्यमापन

१९५०च्या दशकात कोसंबी जागतिक शांतता चळवळीत सक्रिय होते. भारतासारख्या देशाने अणुऊर्जेपेक्षा सौरशक्तीकडे वळावे, हे मत त्यांनी जाहीरपणे मांडले. अणुशक्तीच्या कार्यक्रमाचे सूत्रधार असलेल्या भाभांच्या संस्थेत राहून हे मत मांडणे सोपे नव्हते. १९६२ मध्ये संस्थेने त्यांच्या नेमणुकीचे नूतनीकरण केले नाही. पुढील दोन वर्षे त्यांना कोणतेही पद नव्हते. परंतु लेखन थांबले नाही. १९६४ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना सन्माननीय शास्त्रज्ञ म्हणून नेमले आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेत त्यांना स्थान मिळाले. प्राचीन भारताच्या संस्कृतीचा त्यांचा आढावा १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. २९ जून १९६६ रोजी पुण्यात राहत्या घरी त्यांचे निधन झाले. त्यांचे वय ५८ होते. इतिहासाचे प्राध्यापकपद त्यांना आयुष्यात कधी मिळाले नाही.

कोसंबींची सर्वच मते टिकली असे नाही. त्यांच्या काही व्युत्पत्ती धाडसी आहेत. गाव स्वयंपूर्ण झाल्यावर त्याचा इतिहास जणू थांबतो, असा सूर त्यांच्या लेखनात कोठे कोठे उमटतो. मध्ययुगीन बाजारपेठा आणि व्यापार यांवरील नंतरच्या संशोधनाने त्याला मुरड घातली आहे. भारतात सरंजामशाही होती काय, हा प्रश्नच हरबन्स मुखिया यांनी पुढे उपस्थित केला. जातीचा उलगडा करताना उत्पादनावर भर दिल्याने अस्पृश्यतेच्या अनुभवाला आणि तिच्याविरुद्धच्या आधुनिक संघर्षाला त्यांच्या मांडणीत पुरेशी जागा मिळाली नाही, ही उणीवही नोंदवावी लागेल. दुसऱ्या बाजूस, धनगरांच्या दैवतांवरील गुंथर सोन्थायमर यांचे काम कोसंबींनी दाखविलेल्या वाटेनेच पुढे गेले, हेही खरे.

या मतभेदांतून त्यांची पद्धती मात्र अबाधित राहते. सिद्धान्त चुकला तर तो दुरुस्त करता येतो, कारण पुरावा कोठे आहे हे त्यांनी सांगून ठेवले आहे. अडचण वेगळीच आहे. २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग, लोणावळा परिसरातील वाढती बांधकामे आणि टेकड्यांची तोड यांमुळे मावळचे भूरूप वेगाने बदलले आहे. शिलालेखांचे ठसे ग्रंथालयात सुरक्षित आहेत. परंतु वाटेवरचे अनाम तांदळे, माळावरची हत्यारे, कळपांच्या वाटा आणि त्यांविषयी सांगणारी माणसे यांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. कोसंबींच्या दृष्टीने ग्रंथ आणि भूमी ही दोन्ही समान दर्जाची साधने होती. ‘मृच्छकटिक’ किंवा तुकोबांचा गाथा शिकविणाऱ्या मराठीच्या अध्यापकाला यांपैकी एक साधन अद्याप हाताशी आहे. दुसरे दिवसेंदिवस दुर्मीळ होत आहे आणि ते नाहीसे होण्यापूर्वी त्याची पद्धतशीर नोंद होणे, हे कोसंबींच्या कार्याचे अपुरे राहिलेले अंग होय.